छोट्या वनराईची विरळणी : कोणती हत्यारं घ्यावीत आणि ती कशी चालवावीत

पहिल्यांदा विरळणीला, म्हणजे दाट वनराईतली काही झाडं काढून बाकीच्यांना जागा करून द्यायला उतरलो तेव्हा माझ्याकडे एक भलीमोठी चेनसॉ होती आणि बाकी काहीच नव्हतं. पहिलं झाड दोन मिनिटांत कापून झालं. खाली मात्र आलंच नाही. शेंडा शेजारच्या दोन झाडांच्या फांद्यांत रुतला आणि बुंधा स्वतःच्याच खुंटावर टेकून तिरका उभा राहिला. उरलेला दिवस मी त्या एका झाडाभोवती घिरट्या घालत काढला.

मोकळ्या जागेतलं झाड कापलं की पडतं. दाटीतलं झाड कापलं तरी पडेलच असं नाही, आणि विरळणी म्हणजे मुळात दाटीतलं काम. म्हणून नवख्या माणसाची खरेदीची यादी बहुतेक वेळा उलटी असते. चेनसॉ सगळ्यात आधी घेतली जाते, आणि झाड खाली आणायचा दांडा, पट्टा, दोर या गोष्टी पहिली फजिती झाल्यावर सुचतात. हा लेख ती फजिती टाळण्यासाठी आहे.

एक मर्यादा आधीच सांगतो. इथलं सगळं २० ते २५ सेंटीमीटर जाडीपर्यंतच्या सरळ, जिवंत झाडांबद्दल आहे. त्याहून जाड, कुजलेलं, खूप कललेलं किंवा विजेच्या तारेजवळचं झाड असेल तर प्रशिक्षित माणूस बोलवा.

१. आधी मोजा, मग खुणा करा

पहिलं हत्यार म्हणजे ५.६४ मीटर लांबीचा दोर. हा आकडा विचित्र दिसतो, पण एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ बरोबर १०० चौरस मीटरचं होतं. दोराचं एक टोक मध्ये खुंटीला बांधा, दुसरं धरून फेरी मारा आणि आत येणारी झाडं मोजा. जो आकडा येईल त्याला १०० ने गुणलं की हेक्टरी संख्या मिळते. २२ झाडं आली तर हेक्टरी २,२००, म्हणजे दोन झाडांमध्ये सरासरी दोन मीटरांहून थोडंच जास्त अंतर. एका वर्तुळावर भरवसा ठेवू नका. कडेला, मध्यात, उतारावर अशी पाच-सहा वर्तुळं घ्या.

जाडी जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजतात. शिंप्याची टेप खोडाभोवती गुंडाळा आणि आलेल्या घेराला ३.१४ ने भागा. ४७ सेंटीमीटर घेर म्हणजे १५ सेंटीमीटर जाडी. आता उंचीचा अंदाज घ्या आणि उंचीला जाडीने भागा, दोन्ही एकाच एककात. १२ मीटर उंच आणि १२ सेंटीमीटर जाड झाडाचं उत्तर १०० येतं. १०० च्या आसपासची झाडं म्हणजे काठ्याच. आजवर ती एकमेकांच्या आधाराने उभी असतात, आधार एकदम काढला की पहिल्याच वादळात वाकतात. ८० च्या खाली असतील तर बरीच भक्कम. तुमची वनराई काठ्यांची असेल तर थोडं थोडं, दोन-तीन वर्षांच्या अंतराने काढा. एरवीही एका वेळी चौथा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा झाडं काढावीत, त्याहून जास्त नाही.

खुणा करताना ठेवायची झाडं आधी निवडा: सरळ खोड, भरदार शेंडा, सालीला जखम नाही. त्यांना रंगीत फीत बांधा. मग प्रत्येकाच्या शेंड्याकडे वर बघा आणि त्याला खेटून कोण उभं आहे ते शोधा. तेच काढायचं. खाली दबून राहिलेलं बारकं झाड कुणाच्याच शेंड्याला नडत नसेल तर त्याला सोडून द्या. नवखे लोक नेमकी हीच बारकी झाडं तोडतात, कारण ती सोपी असतात. दिवसभर घाम गाळून शेंड्यांना मात्र काडीचाही जास्त उजेड मिळालेला नसतो.

काढायच्या झाडावर रंगाचे दोन ठिपके छातीच्या उंचीवर, समोरासमोर द्या. तिसरा अगदी बुडाशी. झाड गेल्यावर तो खुंटावर उरतो, आणि कापणाऱ्याने खुणेचंच झाड कापलं की सोयीचं, ते नंतर तपासता येतं. खुणा एका दिवशी करा आणि कापायला दुसऱ्या दिवशी जा. करवत हातात असताना निर्णय घाईचे होतात.

२. कागदपत्रं

जमीन स्वतःची असली तरी झाड तोडायला परवानगी लागू शकते. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. बऱ्याच ठिकाणी तोडण्याची परवानगी वेगळी आणि लाकूड वाहून नेण्याचा परवाना वेगळा असतो. पहिला हातात आला म्हणून लोक निर्धास्त होतात आणि गाडी रस्त्यात अडते. अर्जाला जाताना एवढं तयार ठेवा:

- जमिनीच्या मालकीचा कागद आणि हद्दीचा नकाशा
- काढायच्या झाडांची यादी : जात, घेर, संख्या
- खुणा दिसतील असे फोटो
- हद्दीवर झाडं असतील तर शेजाऱ्याची लेखी संमती

आणि पक्षी घरटी करतात त्या दिवसांत तोड ठेवू नका. काही ठिकाणी कायद्यानेच ती बंद असते.

३. जाडीप्रमाणे हत्यार निवडा

*५ सेंटीमीटरपर्यंत :* लांब दांड्याची कातरी किंवा घडीची करवत. घडीची करवत ओढताना कापते, ढकलताना नाही. ढकलताना जोर लावला की पातं वाकतं, हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळतंच. कोयता बाजूचे फुटवे आणि वेली साफ करायला उत्तम, पण उभी रोपं त्याने तोडू नका. तिरक्या घावाने मागे भाल्यासारखा खुंट उरतो आणि तो बुटाच्या तळव्यातून आत जातो. खुंट नेहमी आडवा आणि जमिनीलगत कापा.

*५ ते १५ सेंटीमीटर :* इथे माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. या जाडीला धनुष्यासारख्या चौकटीची हातकरवत पुरते. धारदार पात्याने १० सेंटीमीटरचं ओलं खोड मिनिटाभराच्या आतबाहेर कापून होतं. आवाज नसल्यामुळे लाकूड तडकायला लागलं की ते ऐकू येतं. पातं ५३ ते ६० सेंटीमीटरचं घ्या. दाटीत काम असेल तर एका टोकाला निमुळती होणारी चौकट घ्या, ती दोन खोडांच्या मध्ये शिरते.

पातं विकत घेताना दात बघा. ओल्या लाकडाच्या पात्यात काही दातांमागे एक वेगळ्या आकाराचा, मध्ये फट असलेला दात असतो. तो भुसा बाहेर ओढतो. सगळे दात सारखे त्रिकोणी असतील तर ते पातं सुक्या लाकडाचं. ओल्या लाकडात ते भुशाने चोंदतं आणि माणूस थकतो. दातांची टोकं निळसर-काळी दिसत असतील तर ती कडक केलेली असतात. त्यांना कानस लागत नाही, पातंच बदलावं लागतं. जास्तीचं एक पातं पिशवीत ठेवाच.

*१५ ते २५ सेंटीमीटर :* इथे चेनसॉ. हलकी घ्या, ३५ ते ४५ सीसीची. पट्टी, म्हणजे जिच्यावरून साखळी फिरते ती, ३० ते ३५ सेंटीमीटरची पुरे. मोठी पट्टी घेण्याचा मोह आवरा. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही टेकला तर सॉ उलटी उसळून तोंडाकडे येते. दाटीत लांब पट्टीचं टोक पलीकडच्या न दिसणाऱ्या खोडाला हमखास टेकतं.

बॅटरीवरची घ्यावी की पेट्रोलची? काम दिवसाला दहा-पंधरा झाडांचं असेल तर बॅटरीची मला आवडते : धूर नाही, आवाज कमी, दोन झाडांच्या मध्ये ती गप्प असते. दिवसभर सलग काम असेल आणि चार्जिंग लांब असेल तर पेट्रोल. साखळीचा ब्रेक मात्र दोन्हींत चालू स्थितीत हवा. ब्रेक बिघडलेली सॉ कुणी उसनी दिली तरी घेऊ नका.

कुऱ्हाडीबद्दल सगळे विचारतात. फांद्या साफ करायला आणि पाचर ठोकायला ती ठेवा. बारीक खोड तिच्या घावाने हलतं, त्यामुळे अर्धा जोर वाया जातो. शिवाय दाटीत ती फिरवायला जागा नसते.

४. झाड खाली आणायची हत्यारं

करवतीच्या आधी हे जमवा.

*पाचरी :* प्लास्टिकच्या किंवा कठीण लाकडाच्या, दोन तरी. लोखंडी नको, साखळी तिला लागली की दात गेलेच. पाचर मागच्या कापात, म्हणजे पडण्याच्या बाजूच्या उलट घेतलेल्या कापात ठोकली की झाड पुढे कलतं आणि करवत अडकत नाही. पण २० सेंटीमीटरहून बारीक खोडात मागच्या कापात पट्टीच एवढी जागा खाते की पाचर आत शिरत नाही.

*उचलदांडा :* म्हणूनच बारीक झाडांसाठी हा लागतो. चपट्या टोकाची मजबूत लोखंडी पहार समजा. टोक मागच्या कापात घालून दांडा उचलला की झाड पुढे जातं. दांडा उचलताना पाठ सरळ ठेवून गुडघ्यांतून जोर लावा.

*दुबेळक्याची काठी :* तीन-चार मीटरची, टोकाला इंग्रजी वाय अक्षरासारखी. खोडाला उंचावर लावून ढकललं की हाताने ढकलण्याच्या मानाने कितीतरी जोर पोचतो. ही रानातच मिळते.

*रुंद पट्टा, दोर आणि हाताने चालवायची विंच (दोर ओढायचं यंत्र) :* यांचं काम सातव्या भागात.

५. अंगावर काय हवं

शिरस्त्राण हातकरवतीच्या कामातही घाला. दाटीत सुकलेल्या फांद्या वर अडकून बसलेल्या असतात आणि खोडाला हिसका बसला की त्या खाली येतात. चेनसॉ असेल तर जाळीचा मुखपडदा आणि कानांवर आवरण. पेट्रोलच्या सॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, तासाभरात कान बधिर होतात.

चेनसॉची पँट म्हणजे नुसतं जाड कापड नव्हे. आत लांब, मजबूत धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते बाहेर ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी थांबते. एकदा असा काप गेलेली पँट शिवून पुन्हा वापरू नका, त्या जागचे धागे संपलेले असतात. पुढे पोलादी टोपी असलेले बूट, पकड असलेले हातमोजे. रक्त थांबवायची मोठी दाबपट्टी खिशात, अंगावर. गाडीत ठेवलेली प्रथमोपचाराची पेटी गाडीच्याच उपयोगाची.

एकट्याने जाऊ नका. सोबतीला येणारा माणूस हाकेच्या अंतरावर पण झाडाच्या टप्प्याबाहेर हवा.

६. झाड पाडताना

आधी वर बघा. सुकी फांदी, वेल, शेजाऱ्याच्या शेंड्यात गुंतलेली फांदी, वारा. वेलीने दोन झाडं बांधलेली असतील तर वेल आधी तोडा.

मग दिशा ठरवा. झाड ज्या बाजूला कललंय तिकडे जायला बघतं, पण तुम्हाला हवी असते ती शेंडे विरळ असलेली बाजू. या दोहोंत मेळ बसेल अशी जागा शोधा. एक युक्ती : वनराईच्या कडेपासून सुरुवात करा आणि प्रत्येक झाड आधीच्या झाडाने मोकळ्या केलेल्या जागेत पाडा. मधूनच सुरू केलं तर प्रत्येक झाड अडकतं.

बुडाभोवती जागा साफ करा. पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरकस मागे डावीकडे आणि उजवीकडे अशा पळवाटा मोकळ्या करा. बरोबर मागे पळू नका, बुंधा मागे उसळू शकतो. बाकी सगळे झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर.

आता काप. पडण्याच्या बाजूला पाचरीच्या आकाराची खाच घ्या, खोली जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा जरा वर, आडवा काप. दोन्हींच्या मध्ये लाकडाची पट्टी शिल्लक राहिलीच पाहिजे, जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. २० सेंटीमीटरच्या झाडाला २ सेंटीमीटर. ही पट्टी दाराच्या बिजागरीचं काम करते : झाड तिच्यावर वळतं आणि ठरलेल्या दिशेला जातं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. झाड हलत नाही म्हणून माणूस अजून थोडं, अजून थोडं कापत जातो, बिजागरी तुटते आणि मग झाड कुठेही जातं. हलत नसेल तर करवत थांबवा, बाजूला ठेवा, आणि दांडा किंवा काठी लावा.

१० सेंटीमीटरच्या आतल्या झाडाला पूर्ण खाच नको. पुढून चौथाईभर सरळ काप, मग मागून किंचित वर दुसरा.

झाड हलायला लागलं की नजर वर ठेवून पळवाटेने मागे या. पडल्यावरही थोडा वेळ थांबा. मोडलेल्या फांद्या सगळ्यात शेवटी पडतात.

७. झाड अडकलं तर

अडकेलच. विरळणीत हे रोजचं आहे, त्यामुळे लाजायचं कारण नाही. पण माणसं जखमी होण्याचा मोठा धोका याच वेळी असतो, कारण घाई होते. आधी न करायच्या गोष्टी :

- अडकलेल्या झाडाखाली जाऊ नका, सॉ आणायलासुद्धा नाही.
- ज्या झाडावर ते टेकलंय ते कापू नका. दोन्ही एकदम येतात आणि कुठे येतील सांगता येत नाही.
- वरून दुसरं झाड टाकून ते पाडू नका.
- खोडावर चढू नका.
- खालून तुकडे कापत आणू नका. प्रत्येक तुकड्याला बुंधा खाली आदळतो आणि झाड उभं होत होत अंगावर येतं.
- तसंच सोडून जेवायला जाऊ नका. जावंच लागलं तर भोवती फीत बांधा.

आता करायचं ते. पहिला उपाय म्हणजे गोल फिरवणं. बिजागरी शिल्लक असेल तर तिच्या मधला भाग काळजीपूर्वक कापा आणि एका कडेला थोडंच लाकूड धरून ठेवा. रुंद पट्टा खोडाभोवती गुंडाळा, त्यात मजबूत दांडा अडकवा आणि खोड त्याच्या आसाभोवती वळवा. शेंडा फांद्यांतून सुटतो आणि घरंगळत खाली येतो. ज्या बाजूला खोड घरंगळेल तिच्या विरुद्ध बाजूला उभे राहा.

नाही जमलं तर बुंधा मागे ओढा. बारीक खोड असेल तर उचलदांड्याने बुड थोडं थोडं मागे सरकवता येतं. जड असेल तर विंच : लांबच्या भक्कम झाडाच्या अगदी बुडाशी रुंद पट्टा बांधून तिथे ती अडकवा. नुसता दोर बांधला तर ठेवायच्या झाडाचीच साल कापली जाते. ओढताना ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, आणि दोर वळवून घेतला असेल तर वळणाच्या आतल्या बाजूलाही नाही.

काही झाडांना पाडायला जागाच नसते. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे : बुंध्याभोवती पाच ते दहा सेंटीमीटर रुंदीचं सालीचं पूर्ण कडं काढून टाकायचं, आतल्या लाकडापर्यंत. झाड उभ्या उभ्या हळूहळू वाळतं आणि सुतारपक्ष्यांना घर होतं. सालीची एक बोटभर पट्टीही राहिली तर ते जगतं. पाऊलवाटेजवळ मात्र हे करू नका.

८. फांद्या काढणं आणि ओढून नेणं

फांद्या छाटताना खोड तुमच्या आणि करवतीच्या मध्ये ठेवा. वाकून दबलेल्या फांदीत ताण साठलेला असतो. आधी दबलेल्या, म्हणजे आतल्या बाजूने थोडा काप घ्या, मग ताणलेल्या बाजूने हळू. उलट केलं तर करवत अडकते किंवा फांदी सणकन तोंडावर येते.

वजनाचा अंदाज चुकतो. मधोमध ११ सेंटीमीटर जाडीचं ८ मीटरचं खोड भरतं ०.०७६ घनमीटर. ओलं लाकूड घनमीटरला ९०० किलो धरलं तरी ते जवळपास ७० किलो झालं. अख्खं उचलू नका. दोन-तीन मीटरचे तुकडे करा, आणि ओंडक्याला वाकून हात घालण्याऐवजी दाताळी चिमटा वापरा. पाठ वाचते.

ओढताना ठेवलेल्या झाडांना घासू नका. वाढीच्या दिवसांत साल सैल असते, एका घासण्यात हातभर सोलून निघते आणि तिथून कूज आत शिरते. शक्यतो झाडं सुस्त असताना आणि जमीन कोरडी असताना काम करा. एकच वाट ठरवा, तिच्यावर छाटलेल्या फांद्या अंथरा आणि सगळं त्यावरूनच न्या, म्हणजे माती दबत नाही.

९. धार आणि इंधन

साखळीतून खवले उडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा यायला लागला की थांबा. जोर लावून कापणं हा धोक्याचा आणि साखळीची वाट लावायचा मार्ग. गोल कानशीचा माप साखळीवर ठरतो : लहान सॉवरच्या ठेंगण्या ३/८ इंची साखळीला साधारण ४ मिलिमीटर, .३२५ इंचीला ४.८ मिलिमीटर. बहुतेक साखळ्यांना कोन ३० अंश, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. डाव्या दातांना तीन आणि उजव्यांना पाच मारले की काप वाकडा जातो. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो चपट्या कानशीने, पाच-सहा वेळा धार लावल्यावर एकदा तपासा. पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर पुस्तिकेचं ऐका.

पेट्रोलच्या सॉला टू-स्ट्रोक ऑइल मिसळावं लागतं. ५० ला १ हे प्रमाण नेहमीचं, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन जाम होतं, आणि हे अनेकांनी एकदा तरी केलेलं असतं. साखळीचं तेल वेगळं, त्याची टाकी वेगळी. पेट्रोल भरताना तेही भरायचं अशी सवय लावा. साखळीचा ताण थंड असताना तपासा : हाताने मोकळी फिरावी, पण खालून लोंबकळू नये.

१०. काम झाल्यावर

खुंटांवरून फिरा आणि बुडाशी रंग नसलेले किती आहेत ते मोजा. मग ५.६४ मीटरचा तोच दोर घेऊन त्याच जागी पुन्हा फेरी मारा. २२ ची १६-१७ झाली असतील तर थांबा, हात शिवशिवत असले तरी. पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर एकदा जाऊन कोणती झाडं वाकली ते बघा. शेंडे पुन्हा एकमेकांना भिडले की पुढची फेरी.